उत्तर तुम्हाला आधीच माहीत असेल, तर कुत्रा तेच उत्तर देतो



माझ्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. "प्रॉडक्ट बाजारात आणण्याआधी कुणाला दाखवलंत का?" उत्तरही जवळजवळ ठरलेलंच. "हो सर, वीस-पंचवीस जणांना दिलं. सगळ्यांना आवडलं." आता हे वीस-पंचवीस जण कोण? मावशी, साडू, ऑफिसातले, सोसायटीतले. आणि चव बघताना तुम्ही समोर उभे, हातात डबा, चेहऱ्यावर आशा. अशा वेळी त्या माणसाने बोलायचं तरी काय?

याच भरवशावर लोक दोन लाखांचं पॅकिंग मशीन घेतात. म्हणून आज मी तुम्हाला धंद्याच्या बाहेर नेणार आहे. कुत्र्यांच्या एका खेळाकडे. खेळ अमेरिकेतला आहे, नाव 'नोज वर्क' किंवा 'सेंट वर्क', म्हणजे वास शोधण्याची स्पर्धा. या खेळाचे नियम ज्यांनी बनवले, त्यांना तुमच्या वीस-पंचवीस जणांची अडचण चांगलीच माहीत होती.

आपल्याकडे श्वानपथक म्हटलं की मुंबईचा झंजीर आठवतो. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर या लॅब्राडोरने ३,३०० किलोच्या वर आरडीएक्स शोधून दिल्याची नोंद आहे. पण झंजीर पोलिसांचा होता. घरातल्या सोफ्यावर झोपणाऱ्या, दुपारी कंटाळून चपला कुरतडणाऱ्या कुत्र्याला तसं काम देता येईल का? कॅलिफोर्नियातल्या तीन प्रशिक्षकांनी २००६ मध्ये ते करून दाखवलं. रॉन गॉन्ट, एमी हेरॉट आणि जिल मरी ओब्रायन. तिघांनाही शोधक कुत्र्यांसोबत काम करण्याचा अनुभव होता. व्यावसायिक कामातलं कौशल्य त्यांनी घरगुती कुत्र्याच्या खेळात आणलं, त्याला 'के-नाईन नोज वर्क' नाव दिलं, आणि २००८ मध्ये स्पर्धा भरवणारी संस्था उभी केली, नॅशनल असोसिएशन ऑफ केनाइन सेंट वर्क. पुढे २०१७ मध्ये अमेरिकन केनेल क्लब या जुन्या, मोठ्या संस्थेनेही स्वतःच्या सेंट वर्क स्पर्धा सुरू केल्या. म्हणजे तिघांनी सुरू केलेल्या खेळाच्या बाजारात अकरा वर्षांनी बडा खेळाडू उतरला. धंद्यात असंच होतं. पण तो आजचा विषय नाही.

साहित्य किती लागतं बघा

सुरुवातीला लागतात पुठ्ठ्याचे रिकामे खोके. किराणा दुकानाबाहेर पडलेले असतात तसलेच. एका खोक्यात कुत्र्याचा आवडता खाऊ ठेवायचा, बाकीचे रिकामे. कुत्रा मोकळा सोडायचा आणि आपण गप्प राहायचं. ना "बस", ना "शोध", ना बोट दाखवणं. कुत्रा हुंगत हुंगत योग्य खोक्यापाशी पोचतो आणि तिथेच खातो. बक्षीस मालकाच्या हातातून नाही, वासाच्या जागी मिळतं, ही या पद्धतीतली मोठी गोष्ट. कुत्रा मालकाच्या तोंडाकडे बघायचं हळूहळू सोडून देतो.

हे पक्कं झालं की खाऊसोबत एक ठरावीक वास जोडतात. कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर तेलाचा अंश, ती काडी भोकं असलेल्या छोट्या डबीत, डबी खाऊजवळ. कुत्र्याच्या डोक्यात 'हा वास म्हणजे खाऊ' असं समीकरण बसतं. मग खाऊ काढून घेतात आणि फक्त वास लपवतात. सापडला की मालक तिथेच, त्या डबीपाशी, लगेच खाऊ देतो.

वास कुठले? तीन : बर्च, ॲनिस आणि लवंग. लवंग आपल्या मसाल्याच्या डब्यातली. ॲनिसचा वास बडीशेपेच्या जवळ जाणारा. आणि बर्च म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाच्या कुळातलं झाड; त्यातल्या अमेरिकन जातीच्या तेलाचा वास सांधेदुखीच्या मलमासारखा येतो, कारण दोन्हींत मिथाइल सॅलिसिलेट असतं. अमेरिकन केनेल क्लबने याला सायप्रसचा चौथा वास जोडला. ही निवड मला फार हुशारीची वाटते. ड्रग्ज किंवा स्फोटकं सामान्य माणसाला हाताळता येत नाहीत, येऊही नयेत. तेलाची बाटली कुणीही विकत घेऊ शकतो. कौशल्य तेच, माल कायदेशीर.

आणखी एक हुशारी ग्राहक निवडण्यातली. कुत्र्यांचे बाकीचे खेळ आठवा. अडथळ्यांवरून उड्या, धावणं, गर्दीत आज्ञा पाळणं. त्यात म्हातारा कुत्रा बाद, तीन पायांचा बाद, घाबरट बाद, दुसरा कुत्रा दिसला की भुंकत सुटणारा तर आधी बाद. नोज वर्कमध्ये एका वेळी एकच कुत्रा आत जातो. बाकीचे आपापल्या गाडीत. ज्या कुत्र्याला इतर कुत्री जवळ नको असतात त्याच्या गळ्यात लाल रुमाल बांधतात, लोक अंतर ठेवतात. झालं. ज्या मालकांना प्रत्येक क्लासमधून "तुमचा कुत्रा चालणार नाही" असं ऐकावं लागलं होतं, ते सगळे या खेळाचे ग्राहक झाले. इतरांनी नाकारलेला ग्राहक तुमच्या धंद्यात कोण आहे, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. त्यावर वेगळा व्हिडिओ करू.

कुत्र्यांनाही याचा फायदा होतो असं दिसतं. शार्लोट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा २०१९ चा एक अभ्यास आहे. वीस पाळीव कुत्री, दोन गट, दोन आठवडे. एका गटाला नोज वर्क, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव. त्यानंतर 'यात खाऊ असेल किंवा नसेल' अशा संदिग्ध ठिकाणी ठेवलेल्या भांड्याकडे नोज वर्कवाली कुत्री पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागली, म्हणजे जास्त आशावादी झाली. दुसऱ्या गटात असा बदल दिसला नाही. वीसच कुत्री होती, त्यामुळे फार मोठे दावे करू नका. पण ब्रोशरमध्ये लिहायला ही प्रामाणिक गोष्ट आहे.

स्पर्धेच्या दिवशी

स्पर्धेत उतरण्याआधी एक पात्रता परीक्षा असते. बारा एकसारखे खोके, एकात वास, वेळ तीन मिनिटं. कुत्र्याने योग्य खोका दाखवला पाहिजे, आणि मालकाने तो ओळखून "अलर्ट" म्हटलं पाहिजे.

त्यानंतर खरी स्पर्धा, चार भागांत. खोके किंवा पेट्या, इमारतीच्या आतली खोली, बाहेरचं आवार आणि उभ्या गाड्या. पहिल्या पातळीवर प्रत्येक भागात एकच डबी लपवलेली असते. चारही भागांत एकाच दिवशी बरोबर आलात तरच किताब. मालक "अलर्ट" म्हणतो आणि परीक्षक "हो" किंवा "नाही" म्हणतो. "नाही" ऐकलं की त्या दिवसाचा किताब गेला.

आता मुद्द्याचं. डबी कुठे आहे हे मालकाला माहीत नसतं. आधी जाऊन आलेल्या स्पर्धकांनी बोलायचं नाही, असा कडक नियम असतो. म्हणजे तो माणूस खोलीत शिरतो तेव्हा त्याच्याकडे एकच माहितीचा स्रोत असतो, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचा कुत्रा. घरी सराव करताना डबी त्यानेच लपवलेली असायची. तिथे त्याचा कुत्रा शंभरातल्या शंभर वेळा बरोबर यायचा. इथे पहिल्याच खोलीत गडबडतो. मालक म्हणतो, "घरी तर व्यवस्थित करतो हो!"

घरी व्यवस्थित का करायचा? कारण डबी कपाटाखाली आहे हे माहीत असलेला माणूस कपाटापाशी चालण्याचा वेग कमी करतो. त्याला कळतही नाही. खांदा तिकडे वळतो. श्वास रोखला जातो. पट्टा किंचित ताणला जातो. हात खाऊच्या खिशाकडे जातो. हजारो वर्षं माणसासोबत राहिलेल्या प्राण्याला एवढं पुष्कळ झालं. तो कपाटापाशी थांबतो, मालकाकडे बघतो, खाऊ मिळतो. वास शोधला की मालक वाचला? बाहेरून दोन्ही एकसारखंच दिसतं.

ही फक्त हौशी लोकांची गोष्ट असती तर मी एवढं लिहिलं नसतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या लिसा लिट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ड्रग्ज आणि स्फोटकं शोधणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांच्या १८ जोड्या घेतल्या, म्हणजे कुत्रा आणि त्याचा हँडलर. जागा एक चर्च. हँडलरना सांगितलं, इथे वास लपवलेला आहे, आणि काही ठिकाणी लाल कागद लावलाय तो वासाची जागा दाखवतो. काही ठिकाणी कुत्र्यांना भुलवायला सॉसेज आणि टेनिस बॉल लपवले होते. शोधायचा वास मात्र कुठेच नव्हता. संपूर्ण इमारतीत शून्य.

एकूण १४४ वेळा शोध झाला. बरोबर उत्तर प्रत्येक वेळी एकच होतं, "इथे काही नाही." ते किती वेळा आलं? २१ वेळा. बाकी १२३ शोधांमध्ये एक किंवा जास्त खोटे इशारे नोंदवले गेले, मिळून २२५. आणि सर्वांत जास्त कुठे? लाल कागदापाशी. कुत्र्याला खुणावणाऱ्या सॉसेजपेक्षा माणसाला खुणावणारा कागद भारी पडला. कुत्र्याने हँडलरकडे बघून इशारा दिला, की कुत्र्याने काहीच केलं नसताना हँडलरला इशारा दिसला, हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. पण धंदेवाल्यासाठी दोन्हींचा अर्थ एकच. विचारणाऱ्याला जे ऐकायचं होतं तेच उत्तर आलं.

तुमच्या मावशीच्या "छान झालंय गं" मध्ये लाल कागद कुठे होता, बघा.

हँडलर यावर काय करतात

चांगले हँडलर सरावात दुसऱ्याकडून डबी लपवून घेतात. नवरा, बायको, क्लासमधली मैत्रीण, कुणीही. लपवणारा खोलीत उभा राहत असेल, तर तोही चेहरा सांभाळतो. त्याहून बरं म्हणजे लपवणारा खोलीबाहेर जातो आणि आत ज्याला काहीच माहीत नाही असा माणूस थांबतो. मग खोलीत उत्तर माहीत असलेला एकही जण उरत नाही. खरी परीक्षा इथे सुरू होते.

यात पहिले काही दिवस वाईट जातात. कुत्रा घरी जेवढा हुशार वाटत होता तेवढा नाही हे दिसतं. खरं तर कुत्रा हुशारच असतो. मालकाला त्याची भाषा येत नसते. मग मालक शिकायला लागतो. वासाच्या पट्ट्यात शिरल्यावर कुत्र्याचं डोकं झटक्यात वळतं. शेपटीची लय बदलते. श्वासाचा आवाज बदलतो, बारीक बारीक भराभर हुंगणं सुरू होतं. तो पुढे जातो, मग मागे येतो, कारण वास पुढे संपला. प्रत्येक कुत्र्याचं वेगळं.

हवाही शिकावी लागते. वास हवेबरोबर वाहतो आणि डबीपासून लांब, एखाद्या कोपऱ्यात जाऊन साठतो. कुत्रा आधी तिथे जातो. अधीर मालक तिथेच "अलर्ट" म्हणून मोकळा होतो आणि परीक्षक म्हणतो, "नाही." थोडं थांबला असता तर कुत्रा साठलेल्या वासावरून उलटा माग काढत डबीपर्यंत गेला असता. आपल्या घरात तर डोक्यावर पंखा फिरत असतो. पंखा चालू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा शोध लावून बघा, तोच कुत्रा दोन वेगळ्या वाटांनी जाईल.

वरच्या पातळ्यांवर अजून अवघड होतं. खोक्यांत वासाच्या जोडीला खाऊ किंवा खेळणीही ठेवतात, कुत्र्याने त्यांना नाकारावं म्हणून. किती डब्या लपवल्यात ते सांगत नाहीत. आणि एखादी खोली पूर्ण रिकामी असू शकते. "इथे काही नाही" असं म्हणून बाहेर पडायला फार धाडस लागतं. फी भरलीय, लांबून गाडी चालवत आलोय, सगळे बघतायत, आणि काहीतरी सापडायलाच हवं असं मन सांगत असतं. अनेक जण रिकाम्या खोलीत हरतात.

आता तुमचा डबा

समजा तुम्ही शेंगदाण्याची चटणी विकायला काढताय. एकसारख्या तीन बरण्या घ्या. लेबल नको, फक्त १, २, ३ असे आकडे. एकीत तुमची चटणी, बाकी दोघींत बाजारात चालणारे दोन ब्रँड. कुठल्या आकड्यात काय, ते एका चिठ्ठीवर लिहून तिसऱ्याच माणसाच्या खिशात. चव द्यायला असा माणूस उभा करा ज्याला ती चिठ्ठी माहीत नाही. तुम्ही त्या खोलीत थांबायचं नाही. लांबून बघतो म्हणाल, तेही नाही. तुमच्या भुवया म्हणजे ताणलेला पट्टा आहे.

दुसऱ्या दिवशी एक रिकामी खोली घ्या. म्हणजे तीनही बरण्यांत तुमचीच चटणी भरा, एकाच वाटणाची. लोकांना विचारा, कुठली बरी? बहुतेक जण एक निवडतील आणि कारणही सांगतील. "दोन नंबरमध्ये लसूण छान लागतोय." "तीनचं तिखट जरा जास्त." हे ऐकलं की तुम्हाला कळेल की लोकांच्या मतातला किती भाग चटणीबद्दल आहे आणि किती भाग तुम्ही विचारलंत म्हणून आलाय. एकसारख्या मालावर जेवढा फरक सांगितला जातो, तेवढा फरक पहिल्या चाचणीतून वजा करून वाचा. आदल्या दिवशी दहातल्या सहांनी तुमची बरणी निवडली असेल आणि आज दहातल्या सहांनी तीच चटणी असलेली दोन नंबरची बरणी निवडली, तर कालच्या सहाला फारशी किंमत नाही. मशीनचा ॲडव्हान्स तेवढे दिवस खिशात ठेवा.

आणि शेवटी पैसे. बरण्यांवर भाव लावा, खरा भाव, आणि म्हणा, हवी ती विकत घेऊन जा. "छान आहे" म्हणणारे किती आणि खिशात हात घालणारे किती, हे दोन आकडे वेगळे लिहा.

बॅचमधले काही जण यावर म्हणतात, "सर, एवढं कडक केलं तर उत्साहच जाईल." माझं मत स्पष्ट आहे. उत्साह आता गेला तर तीन बरण्यांचे पैसे जातात. दुकानाचं डिपॉझिट भरल्यावर गेला तर घरात भांडणं होतात.

हा खेळच धंदा म्हणून?

ज्यांच्याकडे कुत्र्यांचं प्रशिक्षण देण्याचा खरा अनुभव आहे, त्यांनी आपल्या शहरात असा क्लास सुरू करायला हरकत नाही. एक हॉल, खोके, डब्या. भांडवल कमी, कौशल्य जास्त. एका वेळी एकच कुत्रा, त्यामुळे छोटी बॅच चालते. फ्लॅटमध्ये कोंडलेल्या कुत्र्यांचे मालक शहरात भरपूर आहेत, आणि पावसाळ्यात फिरायला नेता येत नाही तेव्हा घरात करण्यासारखा हा खेळ आहे. उन्हाळ्यात सकाळी लवकर, सावलीत. धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. तेल अगदी थोडं, आणि डबी अशी की कुत्र्याला चाटता येणार नाही, चावता येणार नाही. बर्चच्या तेलातलं मिथाइल सॅलिसिलेट पोटात गेलं तर विषारी ठरतं. तेल भरायचं काम सरावाच्या खोलीत करू नका; एक थेंब फरशीवर सांडला की कित्येक दिवस ती अख्खी खोलीच 'डबी' होते. आणि ग्राहकाला "तुमचा कुत्रा पोलिसांसारखा तयार करून देतो" असं कधीही सांगू नका. ते काम वेगळं, त्याची जबाबदारी वेगळी.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी आज संध्याकाळी सहा खोके मांडा. पहिली पाच वेळ खाऊ तुम्ही ठेवा, पुढची पाच वेळ घरातल्या कुणाला तरी तुमच्या नकळत ठेवायला सांगा. दोन्ही वेळचा व्हिडिओ काढा आणि बघताना कुत्र्याकडे नाही, स्वतःच्या पायांकडे लक्ष ठेवा. ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांनी बरण्या मांडा. दोन्ही दिवसांचे आकडे कमेंटमध्ये टाका, रविवारच्या लाइव्हमध्ये त्यातले चार-पाच घेऊन बसू.